कॉफीचे देश

"हे तू कुठून उतरवलंस?" पद्मजाबाईंनी पेपर शकूसमोर धरला.

प्रश्न साधा होता, जगात कॉफी कुठे पिकते. बाकीच्या मुलींनी पुस्तकातले चार देश लिहून हात झटकले होते. भांडुपच्या त्या शाळेत सातवीला तेवढं पुष्कळ झालं. शकूनं दोन पानं भरली होती. ब्राझीलमध्ये हिमतुषार पडले की मळेच्या मळे काळे पडतात. इथिओपियात कॉफी रानात आपोआप उगवते. येमेनमध्ये डोंगराला पायऱ्या खोदून लावतात. पिकलेलं फळ लाल, करवंदाएवढं.

"बाबांनी पत्रात लिहिलंय," शकू म्हणाली. "ते मालवाहू बोटीवर खलाशी आहेत."

बाईंना पटलं नाही. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कॉपी करणाऱ्या मुलींची नाना सोंगं पाहिली होती.

"चल, दाखव पत्रं."

शाळा सुटल्यावर त्या तिच्याबरोबर थेट टेकडीवरच्या चाळीत गेल्या. शकूनं मोठ्या अभिमानानं बिस्किटांचा डबा पुढे केला. आत आठ-दहा पत्रं. बाईंनी एकेक उलटून पाहिलं. परदेशी तिकीट नाही, शिक्का नाही. कागद सगळे एकाच वहीतले.

"बाबांचे दोस्त आईकडे आणून देतात," शकू म्हणाली.

बाईंचा संशय मुलीवरून उठला तो आईवर जाऊन बसला. रत्नप्रभा दाराशी उभी होती. ती मुलुंडच्या एका वाचनालयात झाडलोट करायची.

"शकू, जा गे, बाईंका दूध घेवन ये," ती म्हणाली. मुलगी जिना उतरेपर्यंत गप्प राहिली.

"बोट बुडाली, बाई. दोन वर्सां झाली." तिचा आवाज खाली गेला. "माजा चेडू, शकू, रोज वाट बघी. तोंडातसून शब्द फुटना नाय, म्हणान मीच एक पत्र लिवलंय. मगे थांबूकच येईना. वाचनालयातली पुस्तकां मी वाचतंय नि लिवतंय. तिका कसा सांगू?"

पद्मजाबाईंनी हातातलं पत्र घडी घालून डब्यात ठेवलं. जिन्यात पावलं वाजली, तशी त्यांनी पिशवीतलं भूगोलाचं पुस्तक काढून घाईघाईनं रत्नप्रभाच्या हातात कोंबलं.

"पुढच्या महिन्यात रबराचा धडा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तोवर बोट मलेशियाला पोचू दे."