चादरीवरची रिकामी जागा

सासरे गेल्यापासून अंगणातल्या बोरीची छाटणी, आळं, पाणी सगळं माझ्याच गळ्यात पडलं. नवऱ्याला नुसते काटे बघूनच घाम फुटतो.

यंदा झाड बोरांनी लगडलं. खाली जुनी चादर अंथरून मी फांद्या गदागदा हलवल्या. बोरांचा सडा पडला. फक्त मधोमध, माणूस मांडी घालून बसेल एवढ्या जागेत एकही बोर नव्हतं.

"वाऱ्यानं झालं असेल," नवरा म्हणाला. पानही हलत नव्हतं.

"असं कसं?" म्हणत लेकीनं हात लांबवला आणि तिथे एक बोर सोडलं.

ते चादरीवर पडलंच नाही.

थोड्या वेळानं तिथे नुसती बी पडली. ओली.

"आई," लेक हळूच म्हणाली, "माझा हात सोडायला सांग ना."