कॅमेरा कोण हलवतं

ड्वेनची मूठ त्याच्या बायकोच्या, व्हर्नाच्या ओठावर बसली. लोकरी हातमोज्यातल्या मुठीचा आवाज होत नाही, म्हणून नेवाडाच्या अंधाऱ्या माळावर धूमकेतू टिपायला चाळीस कॅमेरेवाले जमले असूनही कुणाला काही कळलं नाही.

"पुन्हा हललीस ना, भवाने?" तो दात खाऊन म्हणाला. "बघ, तारे आहेत की गांडुळं?"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर खरंच गांडुळं होती. धूमकेतूचा नुसता फराटा झाला होता आणि उद्यापासून तो दिसणार नव्हता. व्हर्ना दहा पावलांवर श्वास रोखून उभी होती. पण गेल्या साली असेच फोटो आले तेव्हा ड्वेनने तिचं मनगट मोडलं होतं. तेव्हापासून तिलाही वाटायचं, आपल्याच पावलांनी जमीन हादरत असेल. इतका मार खाल्ल्यावर माणसाला काय वाटेल ते वाटतं! एक तरी फोटो नीट येऊ दे, म्हणजे याचा हात थांबेल, एवढंच तिला हवं होतं.

दुसरा ठोसा पोटात बसला, तेवढ्यात शेजारीच कॅमेरा लावलेल्या मिसेस ओडेगार्ड लाल टॉर्च घेऊन आल्या. सत्तरीची खमकी बाई.

"काय रे, एवढा का धुसफुसतोयस?" त्यांनी पडदा पाहिला, लेन्स चाचपली आणि हसल्या. "अरे शहाण्या, स्टॅबिलायझर चालूच ठेवलायस की! तो थरथरत्या हातांसाठी असतो. ट्रायपॉडवर काही हलत नसलं, की तो स्वतःच हलत बसतो."

त्यांनी बटण बंद केलं. पुढच्या फोटोत तारे मोहरीच्या दाण्यांसारखे आले. व्हर्नाचा जीव भांड्यात पडला. आता तरी हा काही बोलेल, म्हणून ती ड्वेनकडे बघत राहिली.

मिसेस ओडेगार्ड पाठमोऱ्या होताच त्याने व्हर्नाचं तेच मनगट पिरगाळलं. "हे तुला आधी सांगता येत नव्हतं?"

व्हर्ना हात सोडवून गाडीकडे गेली. अशा माळावर रात्री पांढरा दिवा लावणं म्हणजे सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवणं. एक वेळ खून माफ होईल, हे नाही. तिने हेडलाइट लावले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कोण आहे ते गाढव? विझव आधी!" माळभर शिव्या उठल्या. मग जसजसं तिचं रक्ताळलेलं तोंड दिसलं, तसतशा शिव्या थांबल्या.

ड्वेन दिवे विझवायला धावला. मिसेस ओडेगार्ड गाडीच्या दारात आडव्या आल्या.

"हात तर लावून बघ," त्या म्हणाल्या. "धूमकेतू गेला खड्ड्यात. पोलीस येईपर्यंत दिवे चालू राहतील."