मशीन चालू आहे

मशीन चालू होतं.

सिनेटर कागेंडो दारातच थबकली. हिरवा दिवा, नळ्यांतून फिरणारं रक्त, बारीकशी घरघर. खाटेवर विशीतला मुतेथिया डोळे मिटून पडला होता. त्याची आई न्कीरोटे डोक्याला फडकं बांधून पायाशी बसली होती.

"बघा, सिनेटरबाई, डोळे भरून बघा," गव्हर्नर बुंडी मागून म्हणाला. "नैरोबीतून हे दिसत नाही ना."

पाहणीला आलेल्या सिनेटच्या समितीतले बाकीचे सिनेटर हसले. कॅमेरेवाले पुढे सरकले.

थुकीरा काउंटीच्या, म्हणजे बुंडीच्या ताब्यातल्या जिल्ह्याच्या, इस्पितळात हे डायलिसिसचं मशीन आलं, तेव्हा याच बुंडीनं बोकड कापून सगळ्या गावाला जेवू घातलं होतं. त्यानंतर खोलीला जे कुलूप लागलं ते लागलंच. कागेंडो सिनेटमध्ये वर्षभर त्यावर बोलत होती. बोलत कसली, फाडून काढत होती. काउंट्यांना पैसा द्यायचा आणि जाब विचारायचा नाही, तर मग आपण इथं खुर्च्या उबवायला बसलोय का, असं तिनं भर सभागृहात विचारलं होतं. थुकीराच्या बाजारात बायका भाजी विकता विकता रेडिओवर तिची भाषणं ऐकायच्या आणि खूश व्हायच्या. काउंटीचं उत्तर मात्र दर वेळी तेच यायचं, मशीन चालू आहे. एक-दोनदा तपासनीस आले, त्यांनाही ते चालूच दिसलं. कागेंडो स्वतः न सांगता आली, तेव्हा दाराला कुलूप होतं.

शेवटी समितीला इथं आणायचं म्हणून तिनं जिवाचं रान केलं. पण समिती येणार असली की काउंटीला आधी कळवावं लागतं. तसं कळवलं होतं.

आता तिचा सगळा भरवसा न्कीरोटेवर होता. पोराला दर आठवड्याला नैरोबीला न्यावं लागतं, एकेक करून गाई विकल्या, हे न्कीरोटेनंच तिला फोनवर सांगितलं होतं. कागेंडोनं ते सभागृहातही सांगितलं होतं.

"आई, घाबरू नका," कागेंडो म्हणाली. "ही सगळी माणसं तुमचं ऐकायला आलीयत. सांगा यांना, हे मशीन कधीपासून चालू आहे?"

न्कीरोटेनं मशीनकडे पाहिलं. मग पोराच्या दंडातल्या सुईकडे पाहिलं.

"नेहमीच चालू असतं," ती म्हणाली.

बुंडीला हसू लपवणंसुद्धा जमलं नाही. समितीचे अध्यक्ष ओडुंडो यांनी चष्मा काढून खिशात टाकला.

"कागेंडोबाई, पेशंटची आईच सांगतेय. आणखी कुणाला विचारायचं? माझ्या दृष्टीनं विषय मिटला. आता सहा महिने हा सभागृहात काढता येणार नाही, नियम तुम्हालाच जास्त पाठ आहेत. चला, गव्हर्नरसाहेबांनी बोकड भाजलाय म्हणे."

कागेंडो जेवायला गेली नाही. गाडीत जाऊन बसली. लाजेनं तिचे कान तापले होते, आणि लाजेपेक्षा राग मोठा होता. इस्पितळामागे नैरोबीच्या एका खाजगी दवाखान्याची व्हॅन उभी होती. दुपार कलल्यावर एक माणूस खोलीतून खोकी आणून तिच्यात भरू लागला. त्याच्या मागून न्कीरोटे आली आणि पटांगण ओलांडून थेट गाडीपाशी उभी राहिली.

"गव्हर्नरच्या माणसांनी धमकावलं का तुम्हाला?" कागेंडोनं विचारलं.

"नाही बाई. कुणी काही बोललं नाही."

"मग का? मी तुमच्यासाठी भांडतेय आणि तुम्ही चारचौघांत मलाच खोटं पाडलंत."

"सुई दंडात होती," न्कीरोटे म्हणाली. "मी खरं बोलले असते तर तुम्ही सगळे तिथंच एकमेकांच्या अंगावर गेला असता. मग त्याचे चार तास पुरे कुणी होऊ दिले असते?"

कागेंडोनं गाडीची काच पूर्ण खाली केली.

"तुमच्यावर राग नाही हो माझा," न्कीरोटे म्हणाली, आणि तिचा आवाज मऊ झाला. "उलट तुमच्यामुळंच माझा पोरगा जिवंत आहे. तुम्ही तिकडं बोललात की इकडं यांची धावपळ सुरू होते. कोणी बघायला येणार म्हटलं की नैरोबीहून माणूस येतो, सामान येतो, कुलूप निघतं. मग आमच्यासारखं कुणीतरी त्यांना खाटेवर दाखवायला लागतंच. म्हणून मी रेडिओ लावूनच बसते. तुमचं भाषण झालं की त्याची पिशवी भरून ठेवते."

व्हॅन निघून गेली. शिपायानं खोलीला कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि किल्ली खिशात टाकली. मुतेथिया बाहेरच्या बाकावर भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

"शेवटची गायही गेली," न्कीरोटे म्हणाली. "पोराला नैरोबीला न्यायला आता विकण्यासारखं काही उरलं नाही. तुम्ही परत कधी बोलणार?"

कागेंडोनं पोराकडे पाहिलं. सहा महिन्यांचा तो नियम तिला पाठ होता.

"पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली.

न्कीरोटेनं मान हलवली. दोन पावलं गेली आणि पुन्हा वळून खिडकीपाशी आली.

"जोरात बोला, बाई. मागच्या खेपेला जोरात बोललात, तर दोन दिवस चालू ठेवलं होतं."