परताव्याचे कारण

अल्माटीच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांना कोचिंग दिल्यानंतर एकट्या कामशात नावाच्या आपांचे काम दुप्पट झाले; बाकीच्यांचे होते तिथेच राहिले.

कोचिंगचा परतावा मोजायला अस्तानाहून आलेल्या नुरबोलातला आकडे पटले, पण कारण सापडेना. शुक्रवारी आपांनी मृतांच्या नावाने तळलेल्या शेल्पेक पोळ्या सगळ्यांना वाटल्या. एक उचलत तो हसून म्हणाला, "आपा, पूर्वी म्हणे पाच वाजले की पळत सुटायचात! कोचनं घर विसरायचा मंत्र दिला की काय?"

"खा रे गुमान, आणि दुवा माग."

"मागतो की. कुणाच्या नावानं?"

"लेकीच्या."



कोचिंग सुरू झाले त्याच महिन्यात, पाच वाजता बालवाडी गाठण्याची आपांची गरज संपली होती.