स्लॅबवरची माती

दुपारपासून हिंगोलीवर पाऊस नुसता कोसळत होता आणि रत्नपाल घरात एका जागी बसत नव्हता. छताकडं बघायचा, भिंतीला हात लावायचा, पुन्हा छताकडं. त्याच्या बायकोनं, आकांक्षानं, उन्हाळ्यात स्लॅबवर जाड प्लॅस्टिक अंथरून वीतभर माती टाकली होती. आता तिथं गुडघाभर गवत होतं.

"भिजल्या मातीचं वजन ठावं हाय का तुला? खाली लेकरं निजलेत."

"वरचा मजला चढवायचा म्हणून कालम जाड घेतलेत. इंजिनिअरला इचारूनच टाकली माती," ती म्हणाली. "बसा जरा."

तो बसला नाही. फावडं उचलून जिन्यानं वर गेला.

सगळी माती खाली ढकलून द्यायची, एवढंच डोक्यात होतं. कडेला जाऊन त्यानं फावडं मातीत घातलं आणि नजर खाली गेली.

उताराला सोजराबाईचं पत्र्याचं घर. गल्लीतल्या बाकी स्लॅबांचे पाइप धो धो वाहत होते, पाणी तिच्या उंबऱ्याला टेकलं होतं. रत्नपालचा पाइप तर थेट तिच्या दारातच उघडायचा. दर पावसाळ्यात पहिलं पाणी घरात शिरायचं ते त्याचंच. उघड्या दारातून आतली खाट दिसत होती, तिच्यावर सोजराबाईचा नवरा, अमृतराव, लकवा मारून पडलेला. ती एकटीच खाट ओढत होती. खाट हलत नव्हती.

तिनं दारात येऊन वर पाहिलं. "रत्नपाला, तुमचं पाणी अजून काहून आलं न्हाई?"

"माती पिऊन राहिली, मावशी."

"कवर पिईन?"

त्यानं पाय रोवून पाहिला. पायाखालची माती जड होत चालली होती.

"मंग तवर हात तरी लाव," ती म्हणाली. "मला एकटीला उचलत न्हाईत हे."

फावडं तिथंच टाकून तो खाली धावला.

अमृतरावांना पाठीवर घेऊन तो पोटरीभर पाण्यातून निघाला. कुठं न्यायचं, हे त्याला विचारावं लागलं नाही. आकांक्षा दार उघडून उभी होती. तो आपल्या पायरीपाशी पोचला तेव्हा त्याच्या स्लॅबचा पाइप ठिबकला. मग करंगळीएवढी धार लागली.

"एवढंच?" अमृतराव त्याच्या कानाशी पुटपुटले.

मागून डोक्यावर गोधड्या घेऊन येणारी सोजराबाई धारेकडं बघायलाही थांबली नाही.

"मातीचं पोट भरलं आता," ती म्हणाली. "पाय उचल."