अर्धा ठोका

"दिग्या, शेवटच्या दौऱ्याला ये. ड्रम्सवर तूच हवास," असं गायकाचं पत्र येऊन महिना झाला, तरी दिगंबरने उत्तर दिलं नव्हतं. एवढ्या गाजलेल्या रॉक बँडला तरुण ड्रमर हवे तितके मिळतील. जुन्या दोस्ताने भिडेखातर विचारलं असेल, असंच त्याला वाटत होतं.

रविवारी बायकोने टीव्ही लावला. तोच बँड, तेच गाणं. ड्रम्सवर मात्र नवा गडी, हात विजेसारखे चालवणारा. दिगंबर खुर्चीत आणखीच रुतला.

दुसऱ्या कडव्याला गायक सवयीप्रमाणे अर्धा ठोका आधीच घुसला. तीस वर्षं तो असाच घुसायचा, आणि मागे बसलेला दिगंबर तेवढा ठोका गिळून त्याला सावरून घ्यायचा. ऐकणाऱ्यांना कधी पत्ताच लागला नाही. नवा गडी घड्याळासारखा वाजवत राहिला. गाणं लंगडलं. गायकाने गर्रकन मागे वळून पाहिलं.

तीस वर्षांत तो एकदाही मागे वळला नव्हता!

दिगंबर ताडकन उठला. टीपॉयवर त्याचे हात धडाधड पडू लागले.

"अहो, कपबशा फुटतील!" बायको हसत ओरडली. "आता तरी फोन करा त्याला."

"फोनवर माझी बोबडी वळते. कागद दे!"

घरातल्या चपलांवरच तो नाक्यापर्यंत पळाला आणि धापा टाकत त्याने पत्र पेटीत टाकलं. त्यात एवढंच होतं:

"येतोय. तू बिनधास्त पुढे बघून गा."