काठीला पाणी लागलं

“तो कागद अजून एकदा वाजव. आइसलँडात मागे राहिलेल्या हंसांनाही कळू दे आपण कुठे दडलोय ते.”

क्लिफर्ड पास्क हे जनीनच्या कानापासून वीतभर अंतरावर पुटपुटला. खाजणातल्या त्या अरुंद घळीत दोन माणसं आणि एक कुत्री बसायची, म्हणजे कोणाचा तरी गुडघा कोणाच्या तरी बरगडीत जाणारच. जनीनने सॉसेज भरलेला पाव कागदासकट खिशात कोंबला. मिज कुत्रीने त्या खिशाकडे मान वळवली ती तशीच ठेवली.

“आणि तोंड खाली. वरून माणसाचा चेहरा ताटलीसारखा चमकतो.”

“हे तुम्ही मागच्या दहाही खेपांना सांगितलंत.”

“मग अकराव्या खेपेला ऐक की, पोरी.”

पोरगी सेहेचाळीस वर्षांची होती आणि शाळेच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे मुलांना जेवू घालत होती. शिकाऱ्यांच्या क्लबाचा नियम असा, की जुन्या माणसाने कार्डावर सही केल्याशिवाय नव्याने समुद्राच्या बांधापलीकडे, खाजणात, एकट्याने जायचं नाही. सहसा तीन खेपांत सही मिळते. जनीनचं कार्ड अजून क्लिफर्डच्याच खिशात होतं. तिला एकदा, निदान एकदा, ही पहाट कोणाची बोलणी न खाता बघायची होती. क्लबात कोणी विचारायचं, “काय, झाली का सही?” ती “नाही” म्हणाली, की विचारणारा आपल्या बिअरच्या ग्लासात काहीतरी शोधायला लागायचा.

उजाडायला लागलं. शीळ घालत तीन बदकं खालून आली. जनीनने एकच बार काढला आणि एक पडलं. मिज चिखलातून धावत गेली, ते अलगद तोंडात धरून घेऊन आली. क्लिफर्डने बदक हातात घेऊन त्याचं तांबूस डोकं अंगठ्याने नीट बसवलं आणि तिच्या पिशवीत ठेवलं. नावं ठेवायला त्याला काही सापडलं नाही.

मग समुद्राकडून हंसांचा कालवा ऐकू आला. आधी नुसता आवाज, मग आभाळात रेघा. शेकडो.

“पायांचा रंग दिसेल इतके जवळ आले तरच बंदूक उचलायची,” क्लिफर्ड कुजबुजला. “नाही दिसला, तर नुसतं बघायचं. बघण्यातही काही कमी नाही.”

जनीनने मात्र मागे वळून पाहिलं. येताना ओलांडलेल्या ओहळाच्या काठावर तिने काठी रोवली होती. तीही त्याचीच शिकवण. भरतीचं पाणी काठीला लागलं की उठायचं, मग डोक्यावरून राजा का उडत जाईना.

पाणी काठीला लागलं होतं.

तिने बंदूक उघडली, काडतुसं काढून खिशात टाकली. “चला.”

“दोन मिनिटं.”

“काठीला पाणी लागलं, क्लिफर्ड.”

“हंस येतायत. डोळे फुटले का तुझे?”

“दिसतायत. चालता चालताही दिसतील.” तिने त्याच्या बंदुकीकडे बोट केलं. “रिकामी करा.”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग बंदूक उघडून काडतुसं काढली.

ओहळात पोटरीभर पाणी होतं, खाली लोण्यासारखा चिखल. काठावर जनीन दर वेळेसारखी थांबली. “मला धरा हं,” ती दर वेळेसारखंच म्हणाली. “मला ह्या ओहळाची फार भीती वाटते.”

“कशाला येतात मग असल्या बाया,” असं म्हणत त्याने दोन्ही हातांनी तिचा दंड धरला.

मधोमध त्याचा पाय रुतला. जनीनने उकळत्या सुपाचं पातेलं धरावं तसा दोघांचा तोल सांभाळला. “थांबा जरा,” ती म्हणाली, “माझा बूट अडकलाय.” तिचा बूट मोकळा होता. ती थांबली. त्याने श्वास घेतला, पाय हळूहळू वर ओढला.

तेवढ्यात हंस डोक्यावर आले. इतके खाली, की पंखांचा वारा ऐकू यावा. पोटाशी दुमडलेले पाय गुलाबी होते, अगदी स्वच्छ गुलाबी. दोन रिकाम्या बंदुका आणि आभाळाकडे वळलेल्या दोन ताटल्या. कोणीही तोंड खाली घातलं नाही.

बांधावर पोचल्यावर दोघं गवतात बसली. जनीनने पावाचे तीन भाग केले. मिजने आपला भाग न चावताच गिळला. मागच्या बीटच्या शेतात हंस एकेक करून उतरत होते आणि जागेवरून भांडत होते.

क्लिफर्डने कोटाच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढून तिच्या मांडीवर टाकलं. सही होती. खाली तारीख होती. जनीनने ती दोनदा वाचली. तो दिवस तिला आठवत होता. तिसरी खेप.

“ही ऑक्टोबरातली सही आहे.”

“शाई वाळायची होती.”

“तीन महिने?”

“इथली हवा दमट.”

जनीन हसली. तो हसला नाही. कुत्रीच्या कानांतला चिखल नखाने काढत राहिला.

“त्या ओहळाची भीती,” तो म्हणाला, “तुला कधीपासून वाटत नाही?”

“कधीच वाटली नाही.”

म्हाताऱ्याने मान हलवली. खाली ओहळ काठोकाठ भरला होता. काठी आता दिसतही नव्हती.

“मला वाटते,” तो म्हणाला. “एकट्याने नाही येता येत मला आता, जनीन.”